चौकटीबाहेरचा पिता : राजा रविवर्मा यांच्या ‘देअर कम्स पापा’ (१८९३) या चित्रातील भाव आणि प्रतीकार्थ

माता आणि बालक हा चित्रकलेतील अतिशय जुना विषय आहे. तो इतका परिचित आहे की त्याचा निराळा अर्थ लावण्याची आवश्यकताच नाही, असा समज सहज होतो. आईच्या कडेवर मूल दिसले की पाहणारा ‘वात्सल्य’ हा शब्द उच्चारतो आणि पुढे जातो. वात्सल्याची भावना सार्वत्रिक असली, तरी आई कोणत्या घरात उभी आहे, तिच्या कडेवरचे मूल कोणत्या कुळाचे मानले जाते आणि त्या घरात पित्याचे स्थान कोणते, या प्रश्नांची उत्तरे समाजागणिक बदलतात. ती उत्तरे बदलली की चित्राचा भावही बदलतो. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे ‘देअर कम्स पापा’ हे १८९३ मधील तैलचित्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ‘ते पाहा, बाबा आले’ अशा आशयाच्या या शीर्षकाचे चित्र वरवर पाहता एक प्रसन्न कौटुंबिक प्रसंग दाखविते. परंतु ज्या समाजात ते निर्माण झाले, त्या समाजात ‘बाबा येणे’ ही घटना तितकी साधी नव्हती.

चित्राची रचना

चित्रात एक तरुण स्त्री पूर्णाकृती उभी आहे. तिचा वेष केरळातील उच्चकुलीन स्त्रीचा, शुभ्र वस्त्राचा आहे. कडेवर मूल आहे, पायाशी कुत्रा आहे. आईचे आणि मुलाचे लक्ष चित्राच्या डाव्या बाजूला, चौकटीबाहेर लागलेले आहे. आई मुलाला त्या दिशेने काहीतरी दाखवीत आहे. ज्याला ती दाखविते आहे, तो पुरुष चित्रात नाही. तो पिता आहे, हे केवळ शीर्षकावरून कळते.

या चित्रासाठी रविवर्मा यांची थोरली कन्या महाप्रभा आणि तिचा मुलगा यांचा आदर्श घेतलेला आहे. म्हणजे चित्रकार येथे आपल्याच कन्येकडे आणि नातवाकडे पाहत आहे. तरीही चित्राची मांडणी व्यक्तिचित्राची नाही. व्यक्तिचित्रातील व्यक्ती सामान्यतः पाहणाऱ्याकडे पाहते किंवा आपल्या प्रतिष्ठेला शोभेल अशा मुद्रेत बसते. येथे एक क्षण पकडलेला आहे आणि तो क्षण अपूर्ण आहे. बाहेरून कोणीतरी येत आहे, परंतु अद्याप पोहोचलेला नाही.

युरोपीय परंपरेतील मेरी आणि बाल येशू यांची चित्रे किंवा भारतीय परंपरेतील यशोदा आणि कृष्ण यांची चित्रे यांच्याशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. त्या चित्रांत आई आणि मूल बहुधा स्वतःत पूर्ण असतात. त्यांची दृष्टी एकमेकांकडे असते किंवा भक्ताकडे वळलेली असते. तिसऱ्या व्यक्तीवाचून त्या चित्रांचे काही अडत नाही. ‘देअर कम्स पापा’मध्ये मात्र आई व मूल ही जोडी एका बाजूने उघडी ठेवलेली आहे. चित्राचे केंद्र रंगवलेल्या भागात नसून न रंगवलेल्या भागात आहे. त्यामुळे या चित्राचा स्थायी भाव केवळ वात्सल्य असा सांगता येत नाही. त्यात वात्सल्याइतकीच प्रतीक्षा आहे.

घर कोणाचे?

ही प्रतीक्षा समजून घेण्यासाठी त्या घराची रचना पाहावी लागते. केरळातील नायर समाजात, तसेच अनेक राजघराण्यांत ‘मरुमक्कत्तायम्’ ही मातृवंशीय वारसापद्धती प्रचलित होती. ‘मरुमक्कळ्’ म्हणजे बहिणीची मुले, भाचे-भाच्या. वारसा पित्याकडून पुत्राकडे न जाता मामाकडून भाच्याकडे, म्हणजे स्त्रीच्या रेषेने पुढे जात असे. स्त्री, तिची मुले, तिचे भाऊ आणि तिच्या बहिणींची मुले मिळून ‘तरवाड’ हे एकत्र कुटुंब होई. वडीलधारा पुरुष, ‘कारणवर’, त्याचा कारभार पाही. विवाहसंबंधाला ‘संबंधम्’ म्हणत. अनेक तरवाडांत पती पत्नीच्या घरी येत-जात असे, परंतु त्या घराचा तो सदस्य नसे.

मराठी कुटुंबव्यवस्थेतील शब्द वापरून सांगावयाचे, तर अशा व्यवस्थेत स्त्रीला माहेर सोडावे लागत नसे. मराठी मुलाला जे आजोळ, ते तेथील मुलाचे स्वतःचे घर होते. मराठी मुलाचा मामा सुटीत भेटणारा, लाड करणारा. तेथील मामा म्हणजे घराचा कारभारी आणि मुलाच्या भवितव्याचा नियंता. पिता मात्र बाहेरून येणारा. त्याच्याविषयी प्रेम नव्हते, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्या प्रेमाला वारसाहक्काचे किंवा सत्तेचे पाठबळ नव्हते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. या चित्राचा अर्थ सांगताना ते ‘नायर मातृवंशा’चे चित्र आहे, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात चित्रातील स्त्री मावेलिक्करा येथील राजघराण्यातील आहे आणि रविवर्मा हे किळिमानूर येथील कोयितंपुरान घराण्यातील होते. दोन्ही घराणी मातृवंशीय होती, परंतु सामान्य नायर तरवाड आणि राजघराणे यांची स्थिती एकच नव्हती. राजघराण्यांच्या बाबतीत मातृवंशाशी राज्याचा वारसा जोडलेला होता. त्रावणकोरच्या गादीवर राजाचा मुलगा बसत नसे, बहिणीचा मुलगा बसत असे. त्यामुळे घराण्यात मुली नसल्या की दुसऱ्या घराण्यातून मुली दत्तक घ्याव्या लागत. १८५७ मध्ये त्रावणकोरने मावेलिक्करा घराण्यातून दोन बहिणी दत्तक घेतल्या. त्यांची धाकटी बहीण भागीरथी हिच्याशी रविवर्मा यांचा विवाह १८६६ मध्ये झाला. महाप्रभा ही भागीरथीची मुलगी. म्हणून ती मावेलिक्कराची होती, पित्याच्या किळिमानूरची नव्हती.

रविवर्मा यांच्या स्वतःच्या घडणीतही मातृवंशाचा हात स्पष्ट दिसतो. त्यांच्यातील चित्रकार प्रथम ओळखला तो त्यांच्या मामांनी, राजराजवर्मा यांनी. तेच त्यांचे पहिले गुरू. १८६२ मध्ये चौदा वर्षांच्या रविवर्म्यांना तिरुवनंतपुरमच्या दरबारात नेले तेही मामांनीच. पुढच्या पिढीत मात्र निराळे घडले. रविवर्मा यांचे पुत्र रामवर्मा हेही चित्रकार झाले. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात झाले आणि १९१५ मध्ये त्यांनी पित्याच्या नावाने चित्रशाळा स्थापन केली. ती शाळा पित्याच्या किळिमानूरला नव्हे, तर आईच्या मावेलिक्करा येथे निघाली. मामाकडून भाच्याकडे आलेली कला पित्याकडून पुत्राकडे गेली आणि तरीही राहिली आईच्या गावी. एकाच कुटुंबातील हे दोन हस्तांतर पाहिले की मातृवंश आणि पितृवंश यांच्या सीमारेषा त्या काळात किती गुंतागुंतीच्या झाल्या होत्या, याची कल्पना येते.

चित्रामागील वाद

हे चित्र रंगविले जात असताना मातृवंशीय विवाहाचा प्रश्न न्यायालयांत, विधिमंडळात आणि साहित्यात गाजत होता. ब्रिटिश न्यायालयांच्या दृष्टीने ‘संबंधम्’ हा कायदेशीर विवाह ठरत नव्हता. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुण मल्याळी पुरुषांना ही गोष्ट अपमानास्पद वाटू लागली होती. आपल्या मिळकतीवर आपल्या मुलांचा हक्क नाही आणि आपली पत्नी कायद्याने पत्नी नाही, ही त्यांची तक्रार होती. सी. शंकरन नायर यांनी १८९० मध्ये मद्रास विधिमंडळात या विषयावर विधेयक मांडले. १८९१ मध्ये टी. मुत्तुस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली मलबार विवाह आयोग नेमला गेला. १८९६ मध्ये मलबार विवाह कायदा झाला. ‘संबंधम्’ची विवाह म्हणून नोंद करण्याची सोय त्याने केली, परंतु तिचा लाभ फार थोड्यांनी घेतला.

याच आयोगाचे एक सदस्य ओ. चंदु मेनन होते. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंदुलेखा’ या त्यांच्या कादंबरीत इंग्रजी शिकलेले नायक-नायिका शेवटी तरवाड मागे ठेवून मद्रासला संसार थाटतात. अशी कादंबरी लिहिणाऱ्या मेनन यांनी आयोगावर मात्र भिन्नमत नोंदविले. ‘संबंधम्’ हा मुळातच विवाह आहे, त्याला कायद्याने विवाह ठरविण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा तपशील प्रस्तुत चित्राच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. पिता बाहेरून येतो, म्हणून तो पिता नाही, असे त्या समाजातील विचारी माणसांनाही मान्य नव्हते.

मलबार हा ब्रिटिश मद्रास इलाख्याचा भाग होता, तर मावेलिक्करा त्रावणकोर संस्थानात होते. त्यामुळे १८९६ चा कायदा चित्रातील कुटुंबाला लागू नव्हता. मात्र विचारांचे वारे राजकीय सीमेपाशी थांबत नाहीत. त्रावणकोरमध्येही १९१२ आणि १९२५ मध्ये नायर कायदे झाले. मद्रास इलाख्यात १९३३ मध्ये मरुमक्कत्तायम् कायदा आला आणि अखेरीस केरळ राज्याच्या १९७५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबपद्धतीच संपुष्टात आणली. जी. अरुणिमा यांनी मलबारमधील मातृवंशाच्या स्थित्यंतरावर लिहिलेल्या ग्रंथाला (२००३) याच चित्राचे नाव दिले आहे. पित्याचे ‘येणे’ म्हणजे पितृकेंद्री कुटुंबाचे आगमन, हा अर्थ त्यामुळे अभ्यासकांत रूढ झाला.

शीर्षकाचे कार्य

या अर्थाचा बराच भार शीर्षकावर आहे. शीर्षक दूर ठेवून चित्र पाहिल्यास आई मुलाला कोणाकडे बोट दाखविते आहे, हे सांगता येणार नाही. तो मामा असू शकेल, पाहुणा असू शकेल, अंगणात उतरलेला एखादा पक्षीही असू शकेल. मातृवंशीय घरात मुलाच्या आयुष्यातील अधिकारी पुरुष मामा असल्याने, त्या घराच्या तर्काप्रमाणे तर मामाचीच शक्यता अधिक. शीर्षक या सर्व शक्यता बंद करते आणि एकच उरवते.

तेही मल्याळम ‘अच्छन्’ या शब्दाने नव्हे, तर ‘पापा’ या इंग्रजी घरगुती शब्दाने. संध्याकाळी कामावरून परतणारा पिता आणि दाराशी त्याची वाट पाहणारी पत्नी व मुले, हे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मध्यमवर्गाचे आवडते कौटुंबिक दृश्य होते. ‘पापा’ हा शब्द ते दृश्य केरळातील घरात आणून बसवतो. पायाशी असलेला कुत्राही त्याच दृश्यात शोभणारा आहे. युरोपीय चित्रांत तो घरगुती निष्ठेची खूण म्हणून फार पूर्वीपासून वावरत आला आहे.

१८९३ मध्येच शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात रविवर्मा यांची दहा चित्रे मांडली गेली आणि त्यांना पारितोषिक मिळाले. निरनिराळ्या प्रांतांतील भारतीय स्त्रिया हा त्या संचाचा मुख्य विषय होता. ‘देअर कम्स पापा’चा समावेश याच संचात केला जातो. अमेरिकन प्रेक्षकाला तरवाड, कारणवर, संबंधम् यांपैकी काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याला वेष परका वाटला असेल, प्रसंग मात्र स्वतःच्या घरातला वाटला असेल. शीर्षकामुळे केरळातील आई परक्या प्रेक्षकाला समजली, पण ती ज्या घरात उभी होती ते घर त्याच्या दृष्टीआड झाले. ते घर तिच्या पतीचे नसून तिचे आणि तिच्या आईचे आहे, ही गोष्ट चित्रातून लपलेली नाही. ती केवळ वाचता येईनाशी झाली आहे.

ओळख देणारा आणि नाकारणारा पिता

रविवर्मा यांच्या अन्य चित्रांशी हे चित्र जोडून पाहिले, तर पिता आणि अपत्य यांचे नाते हा त्यांच्या कलेत पुन्हा पुन्हा येणारा विषय असल्याचे आढळते. १८८४ मध्ये टी. माधवराव यांनी त्यांना आपल्या चित्रांच्या मुद्रित प्रती काढण्याचा सल्ला दिला होता. माधवराव हे तंजावरकडील मराठी भाषक कुळातले, त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपर येथे सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. तेथील चित्रे महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या भिंतींवर लागली. या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र ‘शकुंतलेचा जन्म’ हे होते. त्यात मेनका तान्ह्या मुलीला पुढे करते आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवितो.

एका वर्षाच्या अंतराने पुढे आलेली ही दोन चित्रे परस्परांची उलट बाजू आहेत. एकात पिता चौकटीबाहेर आहे, परंतु आई व मूल आनंदाने त्याच्याकडे पाहत आहेत. दुसऱ्यात पिता चौकटीच्या आत, समोर उभा आहे, परंतु तो मुलीकडे पाहावयास तयार नाही. शकुंतलेची पुढची कथाही पित्याने ओळख देण्याची आहे. दुष्यंत ओळखत नाही, तोवर तिला आणि तिच्या पुत्राला स्थान नाही. रविवर्मा यांचे साडू केरळवर्मा वलिय कोयितंपुरान यांनी कालिदासाचे हे नाटक मल्याळममध्ये आणले होते आणि रविवर्मा यांनी शकुंतला अनेकदा रंगविली. पित्याच्या ओळखीवाचून मुलाचे काही अडत नाही, अशा समाजात ही कथा एवढी प्रिय व्हावी, ही विचार करण्यासारखी बाब आहे. महाप्रभेच्या मुलाचे नाव, घर आणि हक्क पित्याच्या येण्यावर अवलंबून नव्हते. पिता आला तरी आणि न आला तरी ते मूल मावेलिक्कराचेच होते. म्हणून त्या प्रतीक्षेत शकुंतलेची व्याकुळता नाही. तिच्यात निर्भर आनंद आहे. ज्या आईचे काहीही पणाला लागलेले नाही, तीच मुलाला इतक्या मोकळेपणाने पिता दाखवू शकते. पितृकेंद्री कुटुंबाचा विजय म्हणून या चित्राकडे पाहणाऱ्यांच्या नजरेतून ही निर्भरता निसटते.

या वाचनाला आणखी एक पदर आहे. चित्रासमोर उभा असलेला चित्रकार हाही एक पिता होता आणि तोही चौकटीबाहेर होता. पत्नी भागीरथी १८९१ मध्ये निवर्तली होती. बंधू सी. राजराजवर्मा यांच्यासह रविवर्मा यांचा पुष्कळ काळ मुंबई, बडोदा आणि इतर संस्थानांच्या प्रवासांत गेला. आपल्या मुलांच्या घरी ते येणारे-जाणारे होते. या अनुभवाने चित्राचा आशय ठरविला, असे विधान करणे धाडसाचे होईल. तथापि एका भेट देणाऱ्या पित्याने आपल्या मुलीला दुसऱ्या पित्याची वाट पाहताना रंगविले आहे, एवढे निश्चित.

चित्रानंतरचा इतिहास

चित्रातील स्त्रीच्या पुढील आयुष्याने या प्रतीकार्थाला अनपेक्षित वळण दिले. त्रावणकोरच्या राजघराण्यात पुन्हा मुली उरल्या नाहीत, तेव्हा १९०० मध्ये मावेलिक्कराहून दोन मुली दत्तक घेण्यात आल्या. त्यांपैकी १८९५ मध्ये जन्मलेली सेतु लक्ष्मी बाई ही महाप्रभेची मुलगी, तर १८९६ मध्ये जन्मलेली सेतु पार्वती बाई ही महाप्रभेच्या बहिणीची मुलगी. सेतु लक्ष्मी बाई यांनी १९२४ ते १९३१ या काळात राजप्रतिनिधी म्हणून त्रावणकोरचा कारभार पाहिला. सेतु पार्वती बाई यांचे पुत्र चित्तिर तिरुनाळ यांनी १९३६ मध्ये मंदिरप्रवेशाची घोषणा केली. ज्या आईला ‘पापा’ची वाट पाहताना रंगविले गेले, तिच्याच मुलीला राज्याचा अधिकार लाभला तो पित्यामुळे नव्हे, तर केवळ मातृवंशामुळे. मात्र या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. १९२५ चा नायर कायदा, ज्याने तरवाडाच्या वाटण्यांचा मार्ग मोकळा केला, तो याच सेतु लक्ष्मी बाई यांच्या कारकीर्दीत झाला.

चित्र रंगविले गेले तेव्हा मातृवंश संपलेला नव्हता. राजघराण्यात तर तो पुरता जिवंत होता. तो कोणत्या दिशेने जाणार, हे १८९३ मध्ये कोणालाही निश्चित माहीत नव्हते. १९७५ नंतरच्या अभ्यासकाला शेवट माहीत असतो, म्हणून त्याला या चित्रात भविष्यवाणी दिसते. हा अर्थ चुकीचा ठरत नाही, कारण रिकाम्या डाव्या बाजूला चित्राचे केंद्र करणारी रचना त्याला आधार देते आणि शीर्षक त्याची पुष्टी करते. परंतु तो संपूर्ण अर्थ नव्हे. प्रतीक चित्रकाराच्या कुंचल्यातून जितके येते, तितकेच ते पाहणाऱ्यांच्या पुढील अनुभवातून घडते. त्यामुळे चित्रात जे प्रत्यक्ष रंगविलेले आहे, त्याचे मोल कमी मानता कामा नये.

प्रत्यक्ष रंगविलेले आहे ते एक मातृवंशीय घर आहे. त्यात आई आहे, मूल आहे आणि दोघेही आपल्या जागी सुस्थिर उभे आहेत. पिता हा त्या चित्रातील आनंदाचे निमित्त आहे, त्या घराचा आधार नाही. पुढच्या शतकात कायद्याने पित्याला घरात आणले, तेव्हा मुलांना पित्याचा वारसा मिळाला, पुरुषांना पतित्वाची मान्यता मिळाली. त्याच वेळी पायाखालची जमीन आपल्याच आईची आहे, ही स्त्रीची खात्री मात्र हळूहळू गेली. या चित्राचा भाव सांगताना येणाऱ्या पित्याचा जितका विचार झाला आहे, तितकाच विचार आईच्या या खात्रीचाही होणे आवश्यक आहे. तिच्या मुद्रेवरील निःशंक आनंदाचा उगम तेथेच आहे.